गोळी ठेवली, तरी चुकलं कुठं?

ताई, तुम्ही लिहिलंय की बाळ आठ महिन्यांचं आहे, दिवस जाऊ नयेत म्हणून मेडिकलमधून योनीत ठेवायची गोळी आणली, लगेच संबंध आला आणि नंतर स्वच्छ धुतलं. आता खाज सुटते आणि धाकधूकही आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मी बरीच वर्षं नर्स होते. धुण्याची ही चूक माझ्यासमोर कितीतरी जणींनी सांगितलीय. आपल्याकडं ‘झालं की धुवून घ्यायचं’ हे सासूपासून जावेपर्यंत सगळ्या शिकवतात. पण इथं धुतलं की औषधच वाहून जातं. निदान ६ तास आतून पाणी घालायचं नाही. बाहेरून पुसलं तर चालतं.

दुसरी चूक घाईची. गोळी बोटानं जाईल तितकी खोल सरकवायची आणि पडून राहायचं. ती विरघळायला १० ते १५ मिनिटं लागतात. तोवर भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसावं लागतं, नवऱ्यालाही थांबायला सांगावं लागतं (तेच अवघड, माहीत आहे). गोळीचा असर साधारण तासभरच. उशीर झाला किंवा पुन्हा संबंध आला, तर नवी गोळी.

एवढं सगळं पाळलं तरी भरवसा कमीच. वर्षभर फक्त हेच वापरणाऱ्या १०० जणींपैकी साधारण २१ जणींना दिवस जातात, दरवेळी अगदी नीट वापरलं तरी साधारण १६ जणींना. सोबत निरोध वापरला तर बरंच बरं. या गोळीनं गुप्तरोग किंवा एचआयव्ही टळत नाही. उलट तिच्यातल्या नॉनॉक्सिनॉल-९ या शुक्रजंतू मारणाऱ्या औषधानं वारंवार वापरात आतली कातडी सोलवटते आणि लागण सोपी होते. तुम्हाला खाज आहे, म्हणजे ही गोळी बंदच करा. दोन दिवसांत थांबली नाही किंवा लघवीला जळजळ झाली, तर डॉक्टरांना दाखवा.

संबंधाला ७२ तास झाले नसतील तर आजच तोंडानं घ्यायची तातडीची गर्भनिरोधक गोळी घ्या, अंगावर पाजत असलात तरी चालते. पाळी आली नाही तर तपासणी करा. सहा महिन्यांनंतर नुसत्या पाजण्यावर विसंबता येत नाही.

पुढचं विचाराल तर सरकारी दवाखान्यात तांबी, तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन आणि तोंडानं घ्यायची ‘छाया’ गोळी फुकट मिळते. पाजणाऱ्या बाईला तिन्ही चालतात. चिठ्ठी कन्नडमध्ये असली तरी घाबरू नका, आशाताईंकडून वाचून घ्या. अंतरा आणि छाया ही नावं कन्नडमध्येही तीच आहेत.