बाबांवर लिहायला बसशील तेव्हा

धाराशिव

प्रिय लेकी,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. वर्षश्राद्धाला बाबांवर चार पानं छापायची आहेत, पण 'प्रेमळ होते, खेळाची आवड होती, फिरायची हौस होती' यापुढे पेनच सरकत नाही, असं लिहिलंस. ते वाचलं आणि कपाटातून एक कागद काढला. आमचे हे २०२२ साली गेले. पहिल्या वर्षाला मीच तो छापून घेतला होता. मनमिळाऊ, कष्टाळू, क्रीडाप्रेमी. वरचं नाव खोडलं तर गल्लीतल्या कुठल्याही गेलेल्या माणसाला तो कागद चालला असता. छत्तीस वर्षांच्या संसारावर माझ्याकडून एवढंच लिहून झालं, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून सांगते, इतक्यात लिहूच नकोस. आधी विचारत फिर, आणि सुरुवात आईपासून कर.

तुला माहीत असलेले बाबा तुझ्या जन्मानंतरचे. त्याआधीचा माणूस आईकडे आहे, आणि तिला कुणी त्याच्याबद्दल विचारलेलं नाही. 'बाबांची आठवण सांग' असं म्हणू नकोस, ती डोळे पुसत आत निघून जाईल. 'लग्नानंतर पहिल्यांदा कुठं गेला होतात गं? कुठली गाडी? डब्यात काय होतं?' असं विचार.

माझ्या लेकानं मला एकदा असंच सहज विचारलं, देवगिरीला तू पहिल्यांदा कधी गेलीस? लग्नाला तेव्हा तीन महिने झाले होते. घर भरलेलं, दिवसा नवऱ्याशी बोलायचीसुद्धा चोरी. ह्यांचे खो-खोचे सामने औरंगाबादला होते. सासूबाईंना म्हणाले, हिला घृष्णेश्वराचं दर्शन घडवून आणतो. दर्शन घडलं, पण त्याआधी किल्ला. अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या त्या काळोख्या बोगद्यात शिरलो तर वर वटवाघळांचा चीत्कार, पायाखालची पायरी दिसेना. तिथं ह्यांनी माझा हात धरला. घराबाहेर धरलेला तो पहिला हात. उजेडात आल्याबरोबर सोडलासुद्धा. माझा लेक पस्तिशीचा, हे ऐकून कितीतरी वेळ गप्प बसला. त्याच्या लेखी बाबा म्हणजे शिट्टी, घड्याळ आणि 'ऊठ, पाच वाजले'.

बाबांच्या मित्रांचं मात्र वेगळं आहे. हे गेल्यावर सगळे गडी भेटायला आले, खुर्चीत बसले, चहा घेतला, उठून गेले. पुढं तीन वर्षं कुणाच्या तोंडून अक्षर निघालं नाही. मग १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. आपल्या पोरींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्यांची कर्णधार प्रियंका इंगळे, मूळची आपल्या बीड जिल्ह्यातली. मागून मुलांनीही नेपाळलाच हरवलं. धाराशिवला तर खो-खो घराघरात आहे. इथल्या सारिका काळेच्या संघानं २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं, २०२० ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या दिवशी हे फाटकात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. विश्वचषक बघायला मात्र हे नव्हते. टीव्हीवरचं ते 'ड्रीम रन' मला कळेना, म्हणून मी ह्यांच्या जुन्या गड्याला फोन लावला. बचाव करणारे ठरावीक वेळ बाद न होता टिकले की त्याचे गुण मिळतात, असं त्यांनी आधी समजावून सांगितलं, आणि मग बोलत सुटले ते तासभर. ह्यांच्या हनुवटीवर एक व्रण होता. मला कायम 'लहानपणी झाडावरून पडलो' असं सांगितलेलं. खरं म्हणजे सूर मारताना हनुवटी फुटली होती. टाके घालून आले आणि दुसऱ्या डावाला परत उतरले. सासरे खेळायला सोडत नव्हते, म्हणून घरी झाडाची गोष्ट रचली, आणि तीच पुढं मलाही सांगितली!

तेव्हा तू संध्याकाळी बाबांच्या व्हॉलीबॉलच्या मैदानावर जा. बाबा गेल्याचा विषय काढू नकोस. ते नेटवर असायचे की मागं, सर्व्हिस कशी टाकायचे, कुणाशी भांडायचे, एवढं विचार. पुढं तुला विचारावं लागणार नाही.

एक काम मात्र आजच कर. बाबांच्या पाकिटात, डायरीत एसटीची तिकिटं असतील. मशीनमधून निघणाऱ्या तिकिटाला शाई नसते, कागद तापून अक्षरं उमटतात आणि हळूहळू ती उडून कागद पांढराफटक होतो. फोटो काढून ठेव, आणि तिकिटाच्या मागं पेन्सिलीनं गाव आणि तारीख लिही. आमच्याकडची पंच मारलेली जुनी रंगीत तिकिटं तीस वर्षांनीही वाचता येतात. हे दर मे महिन्यात 'आवडेल तेथे प्रवास'चा सात दिवसांचा पास काढायचे. त्या गावांची यादी मी त्या तिकिटांवरूनच केली.

आणि लेकी, रुसवा असेल तर तोही लिही. ह्यांचा प्रत्येक रविवार मैदानावर गेला. धाकटीला गोवर निघाला होता तेव्हा हे जिल्हा स्पर्धेला पंच म्हणून गेले. तापाच्या त्या दोन रात्री मी एकटीनं काढल्या. आल्यावर मी भांडले, मग चार दिवस अबोला. ती बरी झाल्यावर हे काही न बोलता माहूरची तिकिटं घेऊन आले. रेणुकामातेच्या पायऱ्या धाकटी ह्यांच्या खांद्यावर बसून चढली. माफी मागायची ह्यांची हीच रीत. मला ती तेव्हा पुरली नाही, आजही पुरत नाही. आणि माहूरची ती फेरी मात्र आमच्या सगळ्या प्रवासांत मला सर्वांत प्रिय आहे. आईकडेही असं काही असेल. ती सांगू लागली तर बाबांची बाजू घेऊन तिला थांबवू नकोस.

बोरी नदीला भरपूर पाणी आलं की नळदुर्गचे नर-मादी धबधबे सुरू होतील. तेव्हा आईला घेऊन ये. मी धपाटे करते, शेंगदाण्याची चटणी आहेच. पाणी महालात, कोसळत्या पाण्याच्या आतल्या बाजूला उभं राहता येतं. तिथं आईला काही विचारू नकोस, त्या आवाजात शेजारच्याचंही ऐकू येत नाही. परतीच्या एसटीत तिला खिडकीजवळ बसव. वही मी आणते.

तुझी
काकू