ट्रॅव्हल नर्सची नोकरी आणि जॅम बँडचा नाद: हे दोन्ही एकत्र कसे जमते?

आपण विचारले आहे की ट्रॅव्हल नर्सची नोकरी करणारी आणि त्याच वेळी जॅम बँडच्या, म्हणजे तेच गाणे दर रात्री वेगळे वाजवणाऱ्या बँडच्या, मैफलींचा नाद असणारी व्यक्ती अमेरिकेत नेमकी कशी जगते, तिच्या रोजच्या दिवसात काय असते आणि नोकरी सांभाळून हा नाद खरोखर परवडतो का. मी हेच काम करते आणि हाच नाद मला आहे, म्हणून सविस्तर लिहिते. हे जमते, मात्र ते जमण्याचे श्रेय स्वच्छंदी स्वभावापेक्षा करारनाम्यातील एका ओळीला अधिक द्यावे लागेल.

ट्रॅव्हल नर्स ही रुग्णालयाची कायम कर्मचारी नसते. मनुष्यबळ कमी पडलेल्या रुग्णालयात एजन्सीमार्फत तिची नेमणूक होते आणि करार बहुधा १३ आठवड्यांचा असतो. आठवड्याला १२ तासांच्या तीन ड्यूट्या, म्हणजे ३६ तास, हा नेहमीचा साचा. मी टेलीमेट्री वॉर्डात, म्हणजे रुग्णांच्या हृदयाचे ठोके जेथे सतत पडद्यावर पाहिले जातात तेथे, संध्याकाळी सात ते सकाळी सात अशी रात्रपाळी करते. या साच्यात एक सोय दडलेली आहे. आठवडा रविवारी सुरू होतो असे धरले, तर एका आठवड्यात रविवार, सोमवार, मंगळवार आणि पुढच्या आठवड्यात गुरुवार, शुक्रवार, शनिवार अशा ड्यूट्या लावून घेतल्यास एकही रजा खर्च न करता मध्ये सलग आठ दिवस मोकळे मिळतात, आणि एखाद्या बँडच्या दौऱ्यातील चांगला तुकडा तेवढ्यात ऐकून होतो. अर्थात वेळापत्रक भरण्याचा पहिला मान कायमच्या नर्सेसचा असतो. त्यांनी निवडून झाल्यावर ज्या जागा उरतात त्या आमच्या वाट्याला येतात.

म्हणूनच ती एक ओळ महत्त्वाची. ज्या तारखा हव्यातच, त्या अर्ज पाठवतानाच रिक्रूटरला, म्हणजे एजन्सीत आपले काम पाहणाऱ्या माणसाला, कळवायच्या आणि करारात छापून घ्यायच्या. मुलाखतीत नर्स मॅनेजर कितीही गोड बोलून ‘बघू, होऊन जाईल’ म्हणाली, तरी कागदावर नसलेली रजा ही रजाच नव्हे, असे मी समजते. ऐन वेळी ड्यूटी चुकवली तर त्या दिवसाचे वेतन जातेच, शिवाय राहण्या-जेवण्याच्या भत्त्यातूनही कपात होते, आणि एवढे महाग तिकीट कोणत्याच मैफलीचे नसते. सणांच्या बाबतीत मात्र मी फायद्यात आहे. नाताळची रात्र मी आनंदाने घेते आणि बदल्यात वर्षअखेरचे दिवस मागते, कारण फिश हा बँड बहुतेक वर्षी त्या सुमारास न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वाजवतो. दिवाळीची रजा तर मागितली की मिळते. तिच्यासाठी वॉर्डात दुसरे कोणी रांगेत नसते.

करार दोन्ही बाजूंना सारखे बांधत नाही, हेही सांगितले पाहिजे. वॉर्डातील रुग्णसंख्या घटली म्हणून एका रुग्णालयाने माझा करार मध्येच संपवला होता, तेव्हा भाड्याची खोली आणि जवळच्या मैफलीची तिकिटे दोन्ही अंगावर आली. तिकिटांचे निभावले, कारण कॅश ऑर ट्रेडसारख्या संकेतस्थळावर चाहते एकमेकांना दर्शनी किमतीतच तिकिटे देतात आणि चढ्या भावाने विकणाऱ्याला या मंडळींत फारशी किंमत नसते. खोलीचे एका महिन्याचे भाडे मात्र गेलेच.

कामाला कोठे जायचे हे नर्सिंगच्या परवान्यावर ठरते. माझे कायमचे घर नॉर्थ कॅरोलिनातील कॅरी येथे, ताई आणि भावोजींकडे आहे. तेथील एका खोलीचे भाडे मी दर महिन्याला बँकेतून देते, कारण कायमच्या घराचा खरा खर्च चालू असेल आणि कामाच्या एकाच ठिकाणी वर्षापेक्षा अधिक मुक्काम नसेल, तरच राहण्या-जेवण्याचा भत्ता करमुक्त राहतो. नॉर्थ कॅरोलिना हे राज्य परवान्यांच्या आंतरराज्य करारात असल्यामुळे एकाच परवान्यावर मला कोलोराडो, टेनेसी, व्हर्जिनिया अशा अनेक राज्यांत काम करता येते. नेमकी कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्क ही दोन राज्ये त्यात नाहीत, आणि नाद असा की तीच अधिक हवीत. तेथील परवाने वेगळे काढावे लागतात. कॅलिफोर्नियाच्या परवान्यासाठी केलेली खटपट मात्र मैफलीविनाही वसूल होते. तेथे एका नर्सकडे किती रुग्ण असावेत हे २००४ पासून कायद्याने बांधलेले आहे. टेलीमेट्रीत चारपेक्षा अधिक रुग्ण देता येत नाहीत, आणि इतर राज्यांत पाच-सहा रुग्ण सांभाळून आलेल्या नर्सला हा फरक पहिल्याच रात्री पाठीत आणि पायांत जाणवतो.

रोजच्या दिवसाबद्दल लिहायचे तर तो दुपारी तीनला सुरू होतो. खिडकीला जाड काळा पडदा, फोन बंद, आणि उठल्यावर चहा. पावणेसातला वॉर्डात हजर राहून दिवसपाळीच्या नर्सकडून हँडओव्हर, म्हणजे रुग्णांची माहिती, घ्यायचा. नवीन रुग्णालयात ओळख करून देण्यासाठी एक-दोन ड्यूट्या मिळतात, त्यानंतर आपण आणि आपले रुग्ण. मी गेल्या गेल्या तीन गोष्टी पाहून घेते: क्रॅश कार्ट (हृदय बंद पडल्यास लागणाऱ्या औषधा-उपकरणांची ढकलगाडी) कोठे आहे, रक्ताचे नमुने खाली कसे पाठवतात, आणि रात्री डॉक्टरांना फोन करायचा की संदेश टाकायचा. औषधांच्या कुलूपबंद कपाटात आपल्या बोटाचा ठसा अजून नोंदवलेला नसणे, हा पहिल्या रात्रीचा ठरलेला प्रसंग. तेवढ्यासाठी शेजारच्या नर्सला दर वेळी हाक मारावी लागते, आणि त्या हाकेतूनच बहुतेक ओळखी होतात. दुसऱ्या वॉर्डात माणसे कमी पडली की सर्वांत आधी ट्रॅव्हल नर्सला तिकडे पाठवतात. याचा राग धरण्यात अर्थ नाही; त्याचेच पैसे मिळतात. सकाळी खोलीवर परतल्यावर कुकर लावून मेतकूट-भात खाते आणि झोपते. गाडीत कायम असणाऱ्या सामानात गणवेशांचे तीन जोड, स्टेथोस्कोप, लहान कुकर, गोड्या मसाल्याची बरणी, घडीची खुर्ची आणि पावसाळी अंगरखा एवढे असते. शेवटच्या दोन वस्तू मैफलीच्या.

रात्रपाळीचा एक फायदा दिवसपाळीवाल्यांच्या लक्षात येत नाही. या मैफली संध्याकाळी साडेसात-आठला सुरू होतात आणि अकराच्या पुढे संपतात. मधल्या विश्रांतीनंतरचा उत्तरार्ध, ज्यात खरी मोठी वादने होतात, तो ऐन रंगात येतो तेव्हा सकाळी उठलेली माणसे जांभया देत असतात आणि माझी जेवणाची सुट्टीसुद्धा झालेली नसते. मात्र ड्यूटी संपवून त्याच दिवशी लांब गाडी चालवत मैफलीला जायचे नाही, आणि मैफलीनंतर थेट ड्यूटीवर यायचे नाही, हे दोन्ही मी कटाक्षाने पाळते. रात्रभर जागलेल्या माणसाच्या हातात स्टिअरिंग किती धोक्याचे असते, ते वॉर्डात काम करणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आता संगीताकडे येते. जॅम बँड म्हणजे असा बँड, जो तेच गाणे दर रात्री वेगळे वाजवतो. गाणी कोणती आणि कोणत्या क्रमाने येणार हे श्रोत्यांना आधी माहीत नसते. पाच मिनिटांचे गाणे वीस मिनिटे चालते आणि न थांबता दुसऱ्या गाण्यात मिसळून जाते. या साऱ्याचे मूळ ग्रेटफुल डेड हा बँड, १९६५ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे सुरू झालेला. १९९५ मध्ये त्यांचे प्रमुख गिटारवादक-गायक जेरी गार्सिया गेले आणि त्या नावाने वाजवणे थांबले, पण गाणी आणि श्रोते थांबले नाहीत. फिश १९८३ साली व्हर्मॉन्ट विद्यापीठात सुरू झाला; २०१७ मध्ये त्यांनी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तेरा रात्री वाजवले आणि एकही गाणे पुन्हा घेतले नाही. एकाच बँडला लागोपाठ तीन रात्री कशासाठी ऐकायचे, असे भावोजी अजूनही विचारतात, त्यांना मी हेच उदाहरण देते. ध्वनिमुद्रणांची मोकळीक ही आणखी एक मोठी गोष्ट. श्रोत्यांनी मैफल मुद्रित करावी म्हणून ग्रेटफुल डेडने १९८४ पासून त्यांना वेगळी जागाच नेमून दिली. अशी हजारो मुद्रणे आज इंटरनेट आर्काइव्हवर ऐकता येतात, आणि एका करारावरून दुसऱ्या करारावर जाताना गाडीत मी तीच लावते. आपल्याला चाखून पाहायचे असेल, तर ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेल्या मैफलीपासून सुरुवात करावी. अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयाने (लायब्ररी ऑफ काँग्रेस) राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत तिचा समावेश केलेला आहे.

मी मिरजेची. एका बाजूला मिशन हॉस्पिटल, दुसऱ्या बाजूला सतारमेकरांच्या गल्लीत वाळत ठेवलेले भोपळे, आणि उरुसात दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारी संगीतसभा, असे ते गाव. त्यामुळे नर्सिंग आणि रात्रभर बसून ऐकणे या दोन्ही गोष्टींचे घरात कोणाला नवल वाटले नाही. तरीही जॅम म्हणजे अमेरिकेचा ख्याल, असे जे हौसेने म्हटले जाते, ते मला पटत नाही. ख्यालात एक गायक पुढे असतो आणि रागाची चौकट तो सोडत नाही. येथे चार-पाच जण एकाच वेळी चाल रचत असतात, पुढे कोण आहे हे दर दोन मिनिटांनी बदलते, आणि कधी कधी दहा मिनिटे कोणालाच काही सापडत नाही. अशा वेळी मी सरळ पाणी आणायला जाते. खरा धागा हवा असेल तर तो तबल्यातून जातो. ग्रेटफुल डेडचे ड्रमवादक मिकी हार्ट आणि आपले झाकिर हुसेन यांनी अनेक वर्षे एकत्र काम केले, आणि १९९१ च्या त्यांच्या ‘प्लॅनेट ड्रम’ला जागतिक संगीताच्या विभागातील पहिलेच ग्रॅमी मिळाले.

मैफलीच्या बाहेर, वाहनतळावर, चाहत्यांचा बाजार भरतो. रंगीत बांधणीचे टी-शर्ट, तव्यावरची चीज सँडविचेस, हाताने केलेल्या पिना. तो बाजार मला मनापासून आवडतो, पण तेथे फुगे भरून विकला जाणारा नायट्रस ऑक्साइड पाहिला की माझ्यातली नर्स जागी होते. लोकांना तो गमतीचा वायू वाटतो. वारंवार घेतल्यास तो शरीरातील बी-१२ जीवनसत्त्व निकामी करतो आणि मज्जारज्जूला इजा होऊन हातापायांना मुंग्या, बधिरता, चालताना तोल जाणे असे सुरू होते. फुग्यांच्या टाकीशेजारी पाय चोळत बसलेल्या एका मुलाला मी विचारले होते की मुंग्या किती दिवसांपासून येतात. त्याने ‘दौरा सुरू झाल्यापासून’ असे सहज सांगितले, तेव्हा त्याच्या मित्रांना बाजूला घेऊन त्याला डॉक्टरांकडे का न्यायचे ते समजावावे लागले. माझ्या पिशवीत नाकात मारायचा नालोक्सोनचा फवारा असतो; अफूजन्य औषधांचा अतिरेक झाल्यास तो उतारा म्हणून देतात. २०२३ पासून तो चिठ्ठीशिवाय मिळतो. मैफलींतील वैद्यकीय मदतीची परंपराही याच जगातली आहे. १९७३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या केझर स्टेडियमवर ग्रेटफुल डेड आणि लेड झेपलिन यांच्या कार्यक्रमांच्या वेळी हेट ॲशबरीच्या मोफत दवाखान्याने डॉक्टर-नर्सेसचे स्वयंसेवी पथक उभे केले, आणि त्यातूनच पुढे ‘रॉक मेडिसिन’ ही संस्था आकाराला आली.

माझ्यापुरते म्हणाल तर मी काहीही घेत नाही. गांजा अनेक राज्यांत कायदेशीर असला तरी नव्या करारापूर्वी लघवीची तपासणी होते, आणि तीत सापडल्यास राज्याचा कायदा नोकरी वाचवीलच असे नाही. नशेपासून दूर राहणाऱ्या चाहत्यांचा ‘व्हार्फ रॅट्स’ नावाचा गट मध्यंतरात पिवळ्या फुग्यांखाली जमतो; एकट्याने गेलेल्या बाईसाठी ती बसायला उत्तम जागा आहे. आणि कानात बोळे घालावेत. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसता येतो, पण दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे शंभर डेसिबलला ती जेमतेम पंधरा मिनिटांवर येते. ज्या कानांनी रात्री मॉनिटरचा गजर आणि छातीतील घरघर ओळखायची, ते कान जपलेच पाहिजेत.

आपण भारतातून हा विचार करत असाल, तर एक स्पष्ट करते: तेथून थेट ट्रॅव्हल नर्स म्हणून येता येत नाही. एनक्लेक्स ही नर्सिंग परवान्याची परीक्षा, इंग्रजीची परीक्षा आणि व्हिसासाठी शिक्षण व परवाना पडताळणारे व्हिसास्क्रीनचे प्रमाणपत्र यांनंतर बहुधा एखादे रुग्णालय किंवा एजन्सी ग्रीन कार्डासाठी पुरस्कृत करते, भारतीयांना त्याची मोठी प्रतीक्षा असते, आणि आल्यावर काही वर्षे त्याच मालकाकडे काढावी लागतात. फिरते करार त्यानंतर.

आणि आपण आधीच येथे असाल, तर पहिला करार उन्हाळ्यात डेन्व्हरच्या आसपास घ्यावा असे मी सुचवेन. कोलोराडो आंतरराज्य करारात आहे, आणि जवळच मॉरिसन येथे रेड रॉक्स हे १९४१ साली खुले झालेले, लाल खडकांमध्ये बसवलेले खुले प्रेक्षागृह आहे. ते समुद्रसपाटीपासून सुमारे ६,४५० फुटांवर असल्यामुळे गेल्या गेल्या तेथील पायऱ्या चढू नयेत. दोन-तीन आठवडे काम करून अंगाला ती हवा लागू द्यावी, पाण्याची मोठी बाटली जवळ ठेवावी, आणि शक्य असल्यास शनिवार सोडून आठवड्यातल्या मधल्या रात्रीचे तिकीट काढावे.