ठेव मोडून मोठे ब्रेक घ्यावेत का?

तुम्ही कळवलंय की वर्षाला साधारण सहा ट्रॅक डे (आपली गाडी रेसिंग ट्रॅकवर पळवायचे दिवस) होतात, पुढचे ब्रेक पॅड तीन दिवसांत संपतात आणि गेल्या वेळी काही लॅपनंतर पेडल मऊ पडून खाली जायला लागलं. गॅरेजने मोठ्या डिस्क आणि सहा पिस्टनच्या कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) किट सुचवलाय. त्याची किंमत तुमच्या आत्ताच्या पॅडच्या चौदा संचांइतकी आहे, आणि त्यासाठी मुदत ठेव मोडायची तुमची तयारी आहे.

मोडू नका. निदान या वर्षी तरी नाही.

वर्षाला दोन संच धरले तर किटच्या पैशात सात वर्षांचे पुढचे पॅड येतात. शिवाय किट बसवल्यावर पॅड लागायचे थांबत नाहीत. त्या मोठ्या कॅलिपरचे पॅड आणि डिस्क बहुतेक वेळा महागच पडतात. गाडी विकताना किटची पुरी किंमत क्वचितच सुटते. मुदतीआधी ठेव मोडल्याने बुडणारं व्याज यात अजून धरलेलंच नाही.

पॅड तीन दिवसांत संपणं हा बिघाड नाही. गाडी ताशी 200 किलोमीटरवरून 80 वर आणताना ब्रेकना जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, ती 60 वरून पूर्ण थांबवताना लागते त्याच्या नऊपटीहून जास्त असते, आणि हे प्रत्येक लॅपमध्ये होत राहतं. म्हणून पॅडचा खर्च दुरुस्तीच्या खात्यात न टाकता पेट्रोल आणि टायरच्या शेजारी मांडा.

खरी मेख पेडलमध्ये आहे. पेडल घट्ट राहून गाडी थांबत नसेल, तर संशय तापलेल्या पॅडवर जातो. पेडल मऊ होत असेल, तर बहुधा ब्रेक ऑइल उकळून नळीत वाफ धरलेली असते. डॉट 4 या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू मानकाप्रमाणे ताजं असताना किमान 230 अंश सेल्सिअस असतो, पण हवेतला ओलावा शोषल्यावर तो 155 पर्यंत चालतो. रेसिंगसाठीची ऑइलं ताजी असताना 300 च्या वर जातात, मात्र ती वरचेवर बदलावी लागतात. तरीही हा खर्च किटच्या पासंगालाही पुरत नाही. आधी कुठे गळती नाही ना हे तपासून घ्या, मग ऑइल बदला. (गॅरेजवाल्याला मी दोष देत नाही. लाल कॅलिपर चाकातून दिसतो, ऑइल कुणाला दिसत नाही.)

पॅड निवडताना संचाच्या किमतीवर जाऊ नका. ट्रॅकवरच्या एका तासाला किती पडतं ते काढा आणि त्यात डिस्कची झीज धरा. स्वस्त पॅडने डिस्क खाल्ली तर बचत तिथेच संपली. रस्त्यावरचा पॅड ट्रॅकच्या उष्णतेत पकड सोडतो, त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. उलट निव्वळ रेसिंगचा पॅड थंड असताना नीट धरत नाही आणि किंचाळतो. गाडी रोज ऑफिसला नेत असाल, तर ट्रॅकचा संच आदल्या दिवशी बसवा आणि परतल्यावर काढून ठेवा.

नवा पॅड साधारण 10 ते 12 मिलिमीटर जाड असतो. निम्म्याहून कमी उरला असेल तर त्यावर ट्रॅक डे सुरू करू नका, कारण पातळ पॅडमधून उष्णता पिस्टनकडे आणि तिथून ऑइलकडे लवकर पोहोचते. अर्धा पॅड काढून ठेवताना जिवावर येतं हे मान्य, पण तो अर्धाही हिशेबात धरा. म्हणजे तुमचे दोन संच प्रत्यक्षात तीनच्या आसपास जातील. असं धरलं तरी किटच्या पैशात चार वर्षांहून जास्त काळ निघतो.

फुकटात वाचणारेही पैसे आहेत. शेवटची लॅप ब्रेक न वापरता सावकाश काढा, गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका. मागचे पॅड अपेक्षेपेक्षा लवकर जात असतील, तर स्थिरता राखणारी यंत्रणा तुमच्या नकळत ब्रेक लावत असण्याची शक्यता आहे. त्यावर उपाय म्हणजे स्टिअरिंग आणि ॲक्सिलरेटर जरा सौम्य हाताळणं, यंत्रणा बंद करणं नव्हे.

आता पॅड, ऑइल आणि डिस्कचा वर्षाचा खर्च एकत्र करा, बाराने भागा आणि तेवढी रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाका. ती जड वाटली तर सहाचे चार ट्रॅक डे करा, पॅडच्या दर्जात काटकसर नको.

चांगले पॅड, ताजं ऑइल आणि डिस्कला हवा पोहोचवणारी नळी एवढं करूनही उष्णता दाखवणारा रंग कॅलिपरवर मर्यादा ओलांडताना दिसला, तर किट घ्या, पण या खात्यात साठलेल्या पैशातून.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नव्हती. गाडीच्या अनेक विमा पॉलिसी ट्रॅकवर झालेलं नुकसान भरून देत नाहीत. तुमची पॉलिसी काढून त्यातले अपवाद वाचा. ट्रॅक वगळलेला असेल, तर गाडी भिंतीला घासली की खर्चाला हीच ठेव उपयोगी पडणार आहे.