तिमिंगिल काढायचाय? आधी निवटी बघ

तू काढलेला तिमिंगिल पाहिला. रेषा दमदार आहे, पण तो देवमासाच वाटतो, फक्त दात जास्त. महाभारतात समुद्राचं वर्णन येतं, तिथे मकरांसोबत, म्हणजे मगरीसारख्या पौराणिक जलचरांसोबत, तिमिंगिल आहेत. नावातच सगळं आलं: तिमि म्हणजे प्रचंड मासा आणि त्यालाही गिळणारा तो तिमिंगिल. म्हणजे या प्राण्याचा जीव घशात आहे. एवढा घास आत जाताना जबडा कुठे सुटतो, पोटाची कातडी किती ताणते, हे आधी ठरव. दात नंतर.

त्यासाठी मालवणच्या किनाऱ्यावर मासळी उतरते तेव्हा वही घेऊन जा. मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, कल्ल्यांच्या फटी, वागळी या चपट्या माशाचं पोटाखालचं तोंड जवळून बघ. मुशीची कातडी हातानं चाचप. तो खरखरीतपणा फोटोतून कळत नाही. आणि ओहोटीला खाडीच्या चिखलाशी निवटी, म्हणजे चिखलात वावरणारा छोटा मासा, बघत बस, तासभर तरी. मला सगळ्यात जास्त तिनंच शिकवलं. पुढच्या परांवर अंग रेटत ती चिखलातून चालते, डोळे थेट डोक्यावर, ओल्या कातडीतून श्वास. तुझा मकर पाण्याबाहेर येणार असेल, तर त्याची चाल इथेच सापडेल.

नवगुंजर मात्र सध्या नको. सारळा दासांच्या ओडिया महाभारतातला तो नऊ जीवांचा मिळून झालेला प्राणी. सांधे जमले नाहीत तर नुसती ठिगळं दिसतात.

पुढच्या वेळी जबड्याची तीन रेखाटनं आण: मिटलेला, उघडा आणि घास अडकलेला.