घरी बनवलेल्या तीनचाकीचं वॉटर-कूल्ड इंजिन मागे आहे, रेडिएटर सीटखाली. वेगात इंजिन तापतं, थांबलं की तापमान उतरतं. काय बघू?

थांबल्यावर तापमान उतरतं, म्हणजे रेडिएटरचा पंखा काम करतोय. तो बिघडला असता तर नेमकं उलटं झालं असतं, तेव्हा त्याच्या मागे लागू नका.

माझा पहिला संशय हवेच्या वाटेवर. रेडिएटरला समोरून हवा मिळते, पण मागून बाहेर पडायला जागा नसेल तर वेगात ती तिथेच कोंडते. जाळीच्या पुढे-मागे लोकरीचे छोटे धागे चिकटवा, मोबाईल घट्ट बांधून व्हिडिओ काढा. धागे मरगळलेले किंवा उलटे उडताना दिसले तर पत्रा कापून मागची वाट मोकळी करा, पुढून हवा आत वळवणारा पत्रा लावा.

दुसरं, कूलंटमध्ये अडकलेली हवा. रेडिएटर इंजिनपेक्षा खाली असला की होसच्या उंच वळणात बुडबुडा बसतो. तिथे ब्लीड स्क्रू, म्हणजे अडकलेली हवा सोडायचा स्क्रू, टाका. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडा.

थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट तापल्यावर उघडणारा व्हॉल्व्ह, काढून फेकायचा सल्ला मिळेल, ऐकू नका. गरम पाण्यात टाकून उघडतो का ते बघा. तरीही तापलं तर इंजिन थंड झाल्यावर स्पार्क प्लग काढा. टोक पांढरंफटक असेल तर मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, असू शकतं; एअर फिल्टर किंवा सायलेन्सर बदलला असेल तर शक्यता जास्त.