वाचकांचे प्रश्न: बदल केलेली मोटारसायकल तपासणीला नेताना

प्रश्न: मी माझ्या जुन्या मोटारसायकलची कॅफे रेसर, म्हणजे जुन्या शर्यतीच्या गाडीसारखी सुटसुटीत, खाली वाकून चालवायची गाडी, केली आहे. लांब सीट काढून एकट्यापुरती सीट बसवली, तिच्यासाठी फ्रेमचा मागचा भाग कापून तेथे वळवलेली नळी जोडून घेतली, हँडल खाली घेतले, मागचे मडगार्ड काढले आणि छोटे एलईडी इंडिकेटर लावले. गाडी छान चालते. आता ती सुरक्षा तपासणीला न्यायची आहे. केवळ बदल दिसले म्हणून तपासनीस गाडी नापास करतील का? तयारी काय करावी?

उत्तर: आपल्या प्रश्नात दोन निराळे प्रश्न आहेत. असा बदल करायची कायद्याने मुभा आहे का, हा पहिला. आणि बदल झालेली गाडी रस्त्यावर सुरक्षित आहे का, हा दुसरा. ब्रिटनमधील एमओटी तपासणी मुख्यतः गाडीची स्थिती पाहते. जर्मनीत दर दोन वर्षांनी होणाऱ्या तपासणीत बदललेल्या भागाला मान्यता आहे का आणि गरज असेल तेथे त्याची गाडीच्या कागदपत्रांत नोंद झाली आहे का, हेही विचारले जाते. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळे पडतील असा बदल मालकाला करता येत नाही. त्यामुळे फ्रेम कापण्यासारख्या कामाची परवानगी आपल्याकडील नोंदणी अधिकाऱ्यांकडे आधीच विचारायची असते. आपण ते केले नसेल, तर तपासणीची तारीख घेण्यापूर्वी करा. कागदावर अडलेली गाडी कितीही चांगले ब्रेक असले तरी पुढे सरकत नाही.

स्थितीच्या तपासणीचे म्हणाल, तर तपासनिसाला आपल्या गाडीचे रूप आवडते की नाही याला काही महत्त्व नाही. तो पाहतो ते एवढेच, की जो भाग काढला त्याच्याकडे असलेली सगळी कामे आता कोण करते. बदल केलेल्या गाड्या बहुतेक वेळा याच ठिकाणी अडकतात, कारण मूळ गाडीत एकेका भागाकडे दोन-तीन कामे दिलेली असतात आणि आपल्याला त्यातले एकच दिसते. मागच्या मडगार्डचेच पाहा. ते चिखल अडवते हे खरे, पण नंबर प्लेट, प्लेटवरचा पांढरा दिवा, टेल लॅम्प, लाल रिफ्लेक्टर आणि बहुधा इंडिकेटरही त्याच्याच आधाराने उभे असतात. मडगार्ड गेले की प्लेट सीटखाली तिरकी बसते, तिच्यावरचा दिवा राहून जातो आणि रिफ्लेक्टरची तर कोणाला आठवणही होत नाही. शिवाय सीट खाली आलेली असते. खड्ड्यात शॉक ॲब्सॉर्बर पूर्ण दबला, तर टायर त्या नव्या वायरिंगला किंवा सीटच्या पत्र्याला घासतो का, हे शॉक काढून चाक हाताने वर उचलून एकदा तरी पाहायलाच हवे.

फ्रेमच्या जोडाबाबत मी थोडा कडक आहे. शॉक ॲब्सॉर्बरच्या वरच्या आधाराच्या मागे कापणे आणि त्या आधाराला धरून कापणे यांत फार मोठा फरक आहे, कारण मागच्या चाकाचा सगळा भार त्या आधारातून फ्रेममध्ये उतरतो. कापलेल्या नळीत आतून तुकडा घालून वेल्डिंग केले आहे का, जोडाशेजारी नळी जळून पातळ झाली आहे का, भेग दिसते का, हे तपासनीस बोट फिरवून पाहतो. अशा जोडावर पुट्टी भरून जाड रंग चढवला, की चांगले कामही संशयास्पद दिसते. जोड उघडा आणि स्वच्छ दिसू द्यावा. काम करताना काढलेली छायाचित्रे आणि वेल्डिंगचे बिल जवळ ठेवावे.

हँडल खाली घेतल्यावर काय तपासायचे, ते घरीच करता येते. गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. इंजिनाचा आवाज वाढला, तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जाते आहे. पूर्ण वळवल्यावर मूठ आणि टाकी यांत अंगठा सापडत असेल, तर हँडलचा रोख बदलावा लागेल. केबल आता गरजेपेक्षा लांब झालेल्या असतात. त्यांचे वेटोळे हेडलाइटमागे कोंबले, की कुठे तरी त्या अडकतात, म्हणून योग्य लांबीच्या केबल घ्याव्यात. ॲक्सिलरेटर पिळून सोडला की हँडल कुठेही असले तरी तो आपोआप झटक्यात परत यायला हवा. ब्रेकचा पाइप पिळलेला नसावा, पुढचा फोर्क दबला असताना तो टायरपासून लांब राहावा आणि त्याच्या जोडाला दोन्ही बाजूंनी तांब्याचे नवे वॉशर घातलेले असावेत. नवी ब्रेक लिव्हर बसवली असेल, तर पुढचा ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा लागतो का, हे मुद्दाम पाहा. बाजारातल्या कित्येक सुंदर लिव्हरना ब्रेक लाइटचा स्विचच नसतो. लिव्हरचे टोक गोल असावे. अणकुचीदार टोकावर बोट ठेवले जातेच.

कोनसेटकडे, म्हणजे हँडल आणि फोर्क ज्यावर फिरतात त्या बेअरिंगकडे, लक्ष द्या. पुढचे चाक जमिनीपासून उचलून फोर्क खालून धरून मागेपुढे ढकलल्यावर टकटक जाणवली, तर कोनसेट सैल आहे. हँडल मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखे अडखळले, तर बेअरिंग झिजले आहे. याचा आपल्या बदलांशी काही संबंध नाही, पण नव्या रंगाच्या आनंदात जुन्या बेअरिंगवरून नापास होणाऱ्या गाड्या थोड्या नाहीत.

राहिले इंडिकेटर. ते मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकावेत, असा आंतरराष्ट्रीय मानकांचा दंडक आहे. जुना फ्लॅशर, म्हणजे दिवा लुकलुकवणारा स्विच, बल्बच्या विजेवर चालतो. एलईडी फार कमी वीज ओढतो, म्हणून फ्लॅशरला बल्ब गेल्यासारखे वाटते आणि दिवा घाईने लुकलुकतो किंवा लुकलुकतच नाही. रेझिस्टर जोडून हे सुटते, पण तो तापतो. एलईडीसाठी असलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घालणे अधिक चांगले. आणखी एक गंमत अशी, की ज्या गाडीत दोन्ही बाजूंसाठी मीटरमध्ये एकच दर्शक दिवा असतो, तेथे एलईडी लावल्यावर डावा इंडिकेटर दिला तरी चारही दिवे लुकलुकू लागतात, कारण वीज त्या दर्शक दिव्यातून उलट बाजूला जाते. दर्शकाच्या वायरीवर दोन डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, घातले, की हा दोष जातो.

दिवे घेताना काचेवर वर्तुळातले ई हे अक्षर आणि त्याशेजारी आकडा आहे का, ते पाहावे. तो आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा असतो: १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स, ११ म्हणजे ब्रिटन. ही खूण मानणाऱ्या देशांत तपासनीस ती शोधतोच. हॅलोजन बल्बसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब घालण्याचा मोह मात्र टाळावा. प्रकाश वाढल्यासारखा वाटतो, पण डिपरची वरची कड विस्कटते आणि समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जातो. भिंतीसमोर गाडी उभी करून ही कड पाहता येते.

प्रश्न: आवाज भारदस्त यावा म्हणून मी दुसऱ्या कंपनीचा सायलेन्सर बसवला आहे. त्याच्या तोंडाशी काढता येणारी जाळीची नळी आहे. तपासणीपुरती ती बसवली आणि नंतर काढली, तर चालेल का?

उत्तर: तपासणी त्या दिवसापुरती असली, तरी नियम रोजचा असतो, त्यामुळे नळी काढून गाडी चालवणे नियमाविरुद्धच ठरेल. आपल्याला ठाऊक असावे म्हणून सांगतो, उभ्या गाडीच्या आवाजाच्या चाचणीत मायक्रोफोन सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, झोताच्या दिशेशी ४५ अंशांत ठेवतात आणि इंजिन ठरावीक फेऱ्यांवर धरतात. त्या फेऱ्या इंजिनाची कमाल शक्ती ज्या वेगावर मिळते त्याच्या निम्म्या किंवा पाऊण असतात. तेव्हा उभ्या गाडीत हळूच ॲक्सिलरेटर देऊन आवाज कमी भासवण्याचा उपयोग होत नाही. सायलेन्सरवर काय कोरले आहे, तेही वाचा. ‘रस्त्यावर वापरासाठी नाही’ अशा अर्थाचा शिक्का असेल, तर ब्रिटनमध्ये आवाज न मोजताच गाडी नापास होते. पाइपावर कापडी पट्टी गुंडाळली असल्यास एकदा सोडून पाहा. तिच्यात ओल धरून राहते आणि आतला पाइप गंजून भोके पडतात.

प्रश्न: मागे मूळ मापापेक्षा रुंद टायर घातला आहे. गाडी दमदार दिसते. तपासणीत यावर आक्षेप येईल का?

उत्तर: येऊ शकतो, आणि माझ्या मते यावा. अरुंद रिमवर रुंद टायर ओढून बसवला, की त्याच्या कडा आत खेचल्या जातात, मधला भाग फुगतो आणि वळणावर गाडी झुकवताना टायर अपेक्षेप्रमाणे टेकत नाही. चेन आणि स्विंग आर्म (मागचे चाक धरणारा हलता दांडा) यांच्यापासूनचे अंतर नुसत्या डोळ्यांनी पाहू नये. चाक फिरवून, चेन सैल-घट्ट करून, सगळीकडे मोकळी जागा राहते का ते पाहावे. टायरच्या बाजूवर ६६एच असे काही लिहिलेले असते. त्यातील ६६ म्हणजे ३०० किलो भार आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर वेग. उत्पादकाने सांगितलेल्या भाराहून किंवा वेगाहून कमी क्षमतेचा टायर नको, फिरण्याची दिशा दाखवणारा बाण बरोबर असावा, आणि खाचांची खोली पुरेशी असावी. ही किमान खोली ब्रिटनमध्ये मोटारसायकलसाठी १ मिलिमीटर, जर्मनीत १.६, तर भारतात दुचाकीसाठी ०.८ मिलिमीटर आहे. किमान मर्यादेपर्यंत टायर वापरणे मला स्वतःला पटत नाही; पावसात पाणी बाहेर टाकण्याची ताकद त्याच्या कितीतरी आधी उतरलेली असते. ज्या चाकावरून स्पीडोमीटर चालतो त्याचा व्यास वाढला असेल, तर मीटर खऱ्याहून कमी वेग दाखवू लागतो, आणि ते कोठेच चालत नाही.

प्रश्न: फ्रेमला पावडर कोटिंग केल्यावर चेसिस नंबर वाचता येईनासा झाला आहे. तो पुन्हा ठोकून घेऊ का?

उत्तर: मुळीच नको. नंबर पुन्हा ठोकणे किंवा त्यावर ग्राइंडर फिरवणे म्हणजे चोरीच्या गाडीचा संशय ओढवून घेणे आहे. तेवढ्याच जागेवर रंग काढण्याचे रसायन लावून, मऊ ब्रशने कोट उतरवावा, म्हणजे मूळ ठसा खाली शाबूत सापडतो. नंतर त्यावर पारदर्शक लॅकरचा पातळ थर दिला, तर गंज धरत नाही. इंजिन नंबरवर रंग बसला असेल, तर तोही याच रीतीने मोकळा करून घ्या. दोन्ही नंबर कागदांशी ताडून पाहिल्याशिवाय तपासनीस पुढे जात नाहीत.