बाईंची झोप आणि बारके लॅपटॉप

"मॅडम, लॅपटॉप कुठला घ्यायचा म्हणून कुणी तुमच्याकडं येतं का ओ?" बाईंनी खुर्चीवर टेकायच्या आधीच विचारलं. मी समुपदेशन करते, म्हटलं येतात की, पण ते आईबाप असतात, पोरगं लॅपटॉप सोडत नाही म्हणून. या तिसरीच्या वर्गशिक्षिका, शाळा इथलीच, कोल्हापुरातली (ओळख कळू नये म्हणून बारीकसारीक बदललंय), आणि आठवडाभर झोप नाही, पहाटे तीनला डोळे उघडतात आणि छातीत धडधडतं.

झालेलं असं की माजी विद्यार्थ्यांनी अडीच लाख दिले, तिसरीच्या ३६ पोरांसाठी लॅपटॉप घ्या म्हणून, आणि निवड बाईंवर टाकली. कमिटीतले एक काका म्हणे, घ्यायचे तर पाचच घ्या पण मोठे, पन्नास हजारवाले, "सस्ता रोये बार बार". बाईंच्या मनात ११ इंचाचे बारके, सतरा हजाराच्या आसपासचे. पण बोलायचं धाडस होईना. पालकांचाही हाच प्रश्न मला कायम येतो, लहान पोराला स्वस्तातला चालतो का, का त्यानं ते मागं पडंल.

मी त्यांना विचारलं, समजा बारके घेतले, सगळ्यात वाईट काय होईल? "पडंल, फुटंल." मग? "मग... मला भरून द्यावं लागंल." आणि मग रडूच आलं त्यांना. आधीच्या एका शाळेत कॉम्प्युटर रूमची किल्ली त्यांच्याकडं होती, दोन माऊस गेले, पैसे त्यांच्या पगारातनं, आणि वर स्टाफरूममध्ये चेष्टा. म्हणजे बघा, प्रश्न इंचाचा आणि रॅमचा नव्हताच, फुटलं की बोट कुणाकडं जाणार याचा होता, आणि ते कुणी बोललंच नव्हतं. म्हणून पहिलं काम लॅपटॉपचं दिलंच नाही मी, कमिटीकडून लेखी ठराव घ्यायला सांगितलं की मोडतोडीचा खर्च देणगीतनंच, शिक्षकावर नाही. बाई म्हणाल्या असं मागता येतं होय? येतं की.

मग मशीनचं बोललो. मला यातलं थोडं कळतं कारण २००७ साली 'शंभर डॉलरचा लॅपटॉप' म्हणून जो गाजला, हिरवापांढरा, हँडलवाला, त्याचा आपल्याकडचा प्रयोग कर्जतजवळच्या खैराट गावच्या छोट्या शाळेत झालेला, तेव्हा मी उत्सुकतेनं सगळं वाचलं होतं. शंभर डॉलरला तो कधी मिळालाच नाही, जवळजवळ दुप्पट पडला, पण त्याचा कीबोर्ड रबरी, पोरांच्या बोटांच्या मापाचा, धूळपाणी आत न जाणारा. विचार पोरापासनं सुरू झालेला. नुसतं मशीन वाटून मात्र काही होत नाही, पेरू देशात हेच लॅपटॉप वाटले, ३१९ शाळांवर अभ्यास झाला, २०१२ ला रिपोर्ट आला, गणित आणि भाषेच्या मार्कांत फरक दिसला नाही. हे बाईंना मुद्दाम सांगितलं, त्यांचा जीव उलट हलका झाला, म्हणजे सगळं मशीनवर नाही तर!

दुसरं काम, एक मोठा आणि एक बारका, दोन्ही ओळखीच्यांचे उसने आणा आणि पोरांना द्या, तुम्ही नुसतं बघा. बाईंनी वहीच्या मागच्या पानावर लिहून आणलं. मोठ्यापुढं खाली बसलेल्या पोराची हनुवटी स्क्रीनच्या काठाला, हात खांद्यापासनं उचललेले. बारका एका पोरीनं पाटीगत कडेवर मारला आणि चालली खिडकीकडं. आणि एक गंमत, तिघांना मिळून 'रंकाळा' टाइप करायला सांगितलं तर येतंय 'रंकाला', कारण मराठीच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ळ साठी शिफ्ट दाबून ल चं बटण दाबावं लागतं. एकाला दोन हात जमेनात. शेवटी एकानं शिफ्टवर अंगठा दाबून धरला, दुसऱ्यानं ल, आणि तिसरी ओरडली, "आला ळ, सोड आता!"

मग हिशेब सोपा झाला. बारा बारके, तीन पोरांत एक, दोन लाख चार हजार, उरलेल्या शेहेचाळीस हजारात कपाट, एक्स्टेन्शन बोर्ड, कव्हर आणि दुरुस्तीची शिल्लक. माझं मत विचाराल तर कपाट आणि चार्जिंग आधी, लॅपटॉप नंतर, कारण वर्गात प्लगपॉइंट दोन आणि चार्जर बारा, वायरीत पाय अडकून पडायचं ते पोरगंच. या बारक्यांत बहुतेक फिरती डिस्क नसते, पंखाही नसतो, त्यामुळं आपटला तरी आतली डिस्क बिघडण्याची भीती कमी, स्क्रीनचं मात्र सांगता येत नाही. व्हिडिओ एडिटिंग असलं काही जमणार नाही त्यावर, तिसरीला ते कशाला हवंय. डोळ्यांची काळजी पालकांना असतेच, तर अक्षर मोठं ठेवायचं आणि वीस मिनिटं झाली की खिडकीतनं लांबचं झाड बघायला लावायचं, इतकं पुरतं.

ठरावाला कमिटीनं दोन मिटिंगा घेतल्या. काका शेवटपर्यंत म्हणत होते बार बार रोयेगा, पण सही केली.

परवा बाईंचा फोन आला. झोप कशी आहे विचारलं तर म्हणाल्या लागती की आता, फक्त काल दप्तरातली चटणी सांडली एका कीबोर्डावर, तांबडी, तेलाची, कशानं पुसू? मी म्हटलं बाई, हे काय माझ्या डिग्रीत नाही, दुकानदाराला विचारा. हसल्या. घाबरल्या नाहीत.